मूर्ती आणि मूर्च्छा: एकाच घरच्या दोघी

बडोद्याहून एका ताईंनी विचारले आहे. मैत्रिणीच्या शिल्पांचे प्रदर्शन आहे. सगळ्या मानवाकृती: कुणी बसलेली, कुणी गुडघे टेकलेली, कुणी अर्धी मातीतून वर येणारी. विषय माणसाचा आतला प्रवास. तर मराठी पत्रकात या कामांना मूर्ती म्हणावे, पुतळे म्हणावे की शिल्पे? 'आध्यात्मिक वाढ' लिहावे की 'उन्नती'? आणि शीर्षक 'अंतरयात्रा' की 'अंतर्यात्रा'? सोबत पत्रकाचा कच्चा मसुदाही धाडला आहे, आणि त्याच्या पहिल्याच ओळीत 'मूर्त्या' आहे.

ताई, आधी ते काढा. एक मूर्ती, दोन मूर्ती, शंभर मूर्ती. गणपतीच्या दिवसांत दांडिया बाजारापासून दादरपर्यंत 'मूर्त्या' ऐकून माझे कान किटले आहेत. नदीचे नद्या होते म्हणून मूर्तीचे मूर्त्या होत नाही. नदीतला ईकार मुळातच दीर्घ, मूर्तीतला संस्कृतात ऱ्हस्व. कृतीचे अनेकवचन कृतीच. 'कृत्या' म्हणालात तर जारणमारणातली भलतीच बाई समोर उभी राहील. कुणी म्हणेल, 'युक्त्या' चालते ना? चालते, आणि ते मी गिळले आहे. पण दर वर्षी आणखी एक गिळायला मी बांधलेला नाही.

आता शब्दांकडे. 'शिल्प' लिहिलेत तर कुणी हरकत घेणार नाही, म्हणूनच त्यात मला फारसा रस नाही. फक्त एक विनंती. उद्घाटनाला येणारे वक्ते ऐतरेय ब्राह्मण या वैदिक ग्रंथातले 'आत्मसंस्कृतिर्वाव शिल्पानि' हे वाक्य हमखास म्हणतील: शिल्पे म्हणजे आत्म्याचे संस्करणच. वाक्य सुंदर आहे, तुमच्या विषयाला चपखलही आहे. पण तिथे 'शिल्पे' म्हणजे यज्ञात म्हणायची सूक्ते. हत्ती, कांस्यपात्र, वस्त्र, सोने, खेचरांचा रथ अशी माणसाच्या हातच्या शिल्पांची यादी त्याच जागी आहे, पण दाखला म्हणून. आत्मा घडतो तो छंदांनी, म्हणजे वैदिक वृत्तांनी, असे पुढचे वाक्य सांगते, आणि ते वाक्य वक्त्यांच्या चिठ्ठीवर कधीच नसते.

'पुतळा' तुमच्या कामाचा नाही. पुत्र, त्यावरून पुत्तल, त्यावरून पुतळा. म्हणजे मुळात लहानगा मुलगा, बाहुला. पुढे हा शब्द जो जागेवर नाही त्याच्या बदल्यात उभा राहणारा झाला. परगावी मेलेल्याचा देह हाती लागला नाही तर पळसाच्या काड्यांचा पुतळा करून त्याचे दहन करायची रीत होती. मोर्चात जाळतात तोही बदलीचाच. चौकातला पुतळा तसाच, कुणा एका नावाच्या माणसाचा. तुमच्या मैत्रिणीच्या आकृती कुणाच्या बदल्यात उभ्या नाहीत. (तुमच्याकडे गुजराती शेजारी पुतळ्याला 'बावलुं' म्हणतात. मला ते आपल्या 'बाहुल्या'चे भावंड वाटते, पण आज त्या वाटेला जात नाही.) हिंदीच्या वाऱ्याने अलीकडे 'सयाजीरावांच्या मूर्तीला हार घातला' असे मराठीत लिहिले जाते. हार पुतळ्याला घालावा. काळ्या घोड्यावर बसलेले महाराज मूर्ती नव्हेत.

आणि आता 'मूर्ती'. ताई लिहितात की एका निवृत्त संस्कृत शिक्षकांनी त्यांना बजावले: मूर्ती फक्त देवाची, तीही प्राणप्रतिष्ठा झाल्यावर, माणसाच्या आकृतीला मूर्ती म्हणणे हा प्रमाद. गुरुजींना साष्टांग नमस्कार, पण हा नियम त्यांनी कुठून आणला? 'मूर्ती लहान पण कीर्ती महान' ही म्हण कोणत्या देवाची? दारात आलेल्या आजोबांना 'काय मूर्ती आहे!' म्हणताना आपण त्यांची प्रतिष्ठापना करतो का? शिवाला अष्टमूर्ती म्हणतात, त्या आठांत पंचमहाभूते, सूर्य, चंद्र आणि आठवा यजमान, म्हणजे यज्ञाला बसलेला हाडामांसाचा माणूस. गुरुजी संस्कृत शिकवत होते म्हणून हे सांगावे लागते, एरवी सोडून दिले असते.

पण खरी गंमत व्युत्पत्तीत आहे. 'मूर्ती' आणि 'मूर्च्छा' एकाच धातूच्या लेकी आहेत. धातू, म्हणजे क्रियापदाचे मूळ, मूर्छ्. धातुपाठ, म्हणजे संस्कृत धातूंची जुनी यादी, त्याचे अर्थ दोन शब्दांत देतो: 'मोहसमुच्छ्राययोः'. मोह, म्हणजे भान हरपणे. आणि समुच्छ्राय, म्हणजे वर चढणे, वाढणे, उंच होणे. एका धातूत दोन्ही! मोनियर विल्यम्सचा संस्कृत-इंग्रजी कोश उघडा: थिजणे, घट्ट होणे, आकार धरणे, वाढणे, तीव्र होणे, बेशुद्ध पडणे, सगळे एकाच नोंदीत. त्याचेच भूतकालवाचक रूप मूर्त: थिजलेले, आकाराला आलेले. खरे तर र्-नंतरच्या त-चा न होतो, जीर्ण आणि शीर्ण होते तसे इथेही 'मूर्ण' व्हायला हवे होते; पाणिनीने 'न ध्याख्यापॄमूर्च्छिमदाम्' असे सूत्र घालून त्याला सोडवले. ते सूत्र नसते तर आज आपण मूर्ण आणि अमूर्ण चित्रकलेवर वाद घातले असते.

हे दोन अर्थ एकत्र कसे नांदतात, यावर पंडितांचे ठरलेले उत्तर असे की धातूंचे अर्थ अनेक असतात, त्यात नवल ते काय. हे उत्तर मला आळशी वाटते. माझे मत सांगतो. या धातूच्या मुळाशी एकच अनुभव आहे: पातळ, चंचल, वाहते असे काही एकाएकी दाटते आणि जागच्या जागी थांबते. दाटणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर ती वाढ. वाहणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर भान हरपणे. गाण्यातली मूर्च्छना घ्या: सात सुरांचा क्रमाने चढउतार, आणि ऐकणाऱ्याची तंद्री. रसशास्त्रात, म्हणजे पाऱ्याच्या जुन्या शास्त्रात, तर हे उघडच लिहिलेले आहे. पाऱ्यावरच्या संस्कारांचा क्रम स्वेदन, मर्दन, मूर्च्छन आणि मग उत्थापन. पाऱ्याची चंचलता घालवायची ते मूर्च्छन. त्याला पुन्हा मूळ रूपात उठवायचे ते उत्थापन. मूर्च्छनाशिवाय उत्थापन नाही. तुमच्या मैत्रिणीची ती मातीतून अर्धी वर आलेली आकृती याच दोन संस्कारांच्या मध्ये कुठेतरी आहे, असे मी म्हणेन.

इथून माझा पुढचा हट्ट. अस्सल मूर्ती ओतीव. दगडाची ती कोरीव, पत्र्याची ठोकीव, पण मूर्छ् धातूचा अर्थ अक्षरशः घडतो तो ओतकामात. आधी मेणाची आकृती करायची, तिच्यावर मातीचे लेप द्यायचे, भाजून मेण वाहवून टाकायचे आणि त्या पोकळीत वितळलेला धातू ओतायचा. तो थिजला की मूर्ती. जुने नाव मधूच्छिष्टविधान; मधूच्छिष्ट म्हणजे मधाचे उष्टे, मेण. बाराव्या शतकात चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लासा'त ही कृती सविस्तर लिहून ठेवली आहे. आधीचे रूप संपूर्ण नाहीसे होते तेव्हाच नंतरचे रूप उरते. आतल्या प्रवासाचे प्रदर्शन मांडणाऱ्याला यापेक्षा काय सांगायचे? दगडवाले रागावतील, रागावू द्या. त्यांच्याकडे 'पाषाणमूर्ती' हा शब्द आहे आणि तो माझ्या हट्टाच्या आड येतो, हे मला दिसते. तरी हट्ट सोडत नाही.

आणि ताई, तुम्ही तर बडोद्यात राहता! कमाटीबागेतल्या संग्रहालयात जा. (सयाजीबाग म्हणा हवे तर. संग्रहालय 1894 सालचे.) 1951 मध्ये अकोट्यात जैन कांस्यमूर्तींचा साठा सापडला. अकोला जिल्ह्यातले अकोट नव्हे, तुमच्या शहराच्या पश्चिमेचा अकोटा, जुने अंकोट्टक. जैन कलेचे अभ्यासक उमाकांत शाह यांनी त्या मूर्तींचा अभ्यास करून त्या जगापुढे आणल्या. त्यांत जीवंतस्वामी आहे, साधारण सहाव्या शतकातला. ओतीव, अर्थातच. जीवंतस्वामी म्हणजे दीक्षा घेण्याआधीचा महावीर, राजवाड्यात असतानाच ध्यानाला उभा राहिलेला. डोक्यावर मुकुट, अंगावर दागिने, कमरेला धोतर आणि उभा कायोत्सर्गात. कायोत्सर्ग म्हणजे काया सोडून देणे. सोडलेल्या कायेची काया घडवायची, हे काम त्या ओतणाऱ्याने कसे केले ते बघून या.

आता माझा सगळ्यात लाडका धागा. जैनांच्या तत्त्वार्थसूत्रात, सातव्या अध्यायात, दोनच शब्दांचे सूत्र आहे: 'मूर्च्छा परिग्रहः'. परिग्रह, म्हणजे वस्तूंचा संचय, कशाला म्हणायचे? मूर्च्छेला. वस्तू अंगावर असणे हा परिग्रह नव्हे, वस्तूत जीव थिजून बसणे हा परिग्रह. तोच धातू! आता पुन्हा जीवंतस्वामीकडे पाहा. मुकुट आहे, मूर्च्छा नाही. दागिने आहेत, परिग्रह नाही. ज्याची मूर्च्छा गेली त्याची ही मूर्ती. अकोट्याच्या कारागिराला ही व्युत्पत्ती ठाऊक असेल असा माझा दावा नाही. असा दावा करणारे लोक मला भेटतात, मी त्यांच्यापासून दूर बसतो. पण शब्दांनी आपसात हे जमवून ठेवले आहे, आणि ते पाहायला मिळाले तर पाहू नये का?

मूळ प्रश्नाचा एक तुकडा राहिला. मसुद्यात वाक्य आहे, 'आतला प्रवास अमूर्त, तरी शिल्प मूर्त, हा विरोधाभास'. हा विरोधाभास तुमच्या मैत्रिणीने शोधलेला नाही. बृहदारण्यक उपनिषदात तो जसाच्या तसा आहे: ब्रह्माची रूपे दोन, मूर्त आणि अमूर्त, मर्त्य आणि अमृत, स्थित आणि यत्. स्थित म्हणजे थांबलेले, यत् म्हणजे जाणारे. म्हणजे उपनिषदाच्या मते मूर्त ते उभेच राहणार, चालणार ते अमूर्त. मग मूर्तीने प्रवास दाखवायचा कसा? शिल्पकार गणपतराव म्हात्रे यांनी 1896 मध्ये, मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत विद्यार्थी असताना, देवळाकडे निघालेली तरुणी घडवली. तिचे मराठी नाव 'मंदिरपथगामिनी'. देऊळ कुठेच दिसत नाही, वाट दिसत नाही, बाई जागची हलत नाही. गामिनी मात्र आहे. अशा नावाला मी सलाम करतो, आणि हल्लीच्या 'अनटायटल्ड क्रमांक सात'ला नाही.

त्याच उपनिषदात पुढे 'अथाध्यात्मम्' म्हणून देहाकडे वळतात. अध्यात्म म्हणजे इथे 'आता आपल्या स्वतःच्या देहापुरते'. उदबत्ती नाही, सत्संग नाही, देह. आणि तिथे मूर्ताचे सार कोणते? डोळा. अमूर्ताचे सार? उजव्या डोळ्यातला पुरुष. हे वाचताना मला नेहमी वाटते की डोळ्याच्या मध्यावरच्या काळ्या टिकलीला आपण मराठीत बाहुली म्हणतो, हिंदीवाले पुतली म्हणतात, तेव्हा आपण तोच पुरुष पाहत असतो. पुरावा मागू नका, नाही. पण देहाच्या आकृतींना 'आध्यात्मिक' म्हणायला कुणाची परवानगी लागत नाही, एवढा पुरावा या उताऱ्यात भरपूर आहे. तुमचे गुरुजी यावर काय म्हणतात ते अवश्य कळवा.

'वाढ' की 'उन्नती' म्हणाल तर, वाढ पगाराला, वजनाला आणि पंगतीत. 'आध्यात्मिक वाढ' हे कुठल्यातरी परक्या वाक्याचे घाईत केलेले मराठी आहे. उन्नती लिहा, तिच्यात उद् आणि नम् आहेत, वर जाणेही आणि वाकणेही. तिच्यावर वेगळे लिहायला हवे, इथे जागा संपली.

तर पत्रकात ठळक अक्षरांत 'मानवाकृती शिल्पे' असू द्या, भांडण नको. आतल्या मजकुरात मात्र बिनधास्त 'मूर्ती' लिहा, आणि समासात ऱ्हस्व: मूर्तिकार, मूर्तिकला. शीर्षक 'अंतर्यात्रा', रफार देऊन. अन्तर् म्हणजे आत. 'अंतर' म्हणजे हृदय असाही अर्थ आहे, तुकोबांपासून सगळे वापरतात, म्हणून 'अंतरयात्रा'वाले अगदीच चुकत नाहीत. पण फलकावर ते वाचून एखादा बडोदेकर 'किती किलोमीटर?' असे विचारणारच.