मिडलबर्गला जाण्यापूर्वी: सांगलीच्या विद्यार्थ्याला सल्ला

प्रवेश मिळाल्याबद्दल अभिनंदन. नेदरलँड्समधील मिडलबर्ग शहरातले युनिव्हर्सिटी कॉलेज रूझवेल्ट हे 2004 मध्ये सुरू झालेले, उट्रेख्ट विद्यापीठाशी जोडलेले लहान निवासी महाविद्यालय आहे. शिष्यवृत्ती, विषयांची निवड, पुढील पदव्युत्तर शिक्षण हे प्रश्न तूर्त बाजूला ठेवावेत.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट वर्गातील बोलण्याची. सांगलीच्या महाविद्यालयात मोठ्या वर्गात मागच्या बाकावर बसून, नोट्स उतरवून आणि शेवटच्या महिन्यात जोर लावून उत्तम गुण मिळवलेला विद्यार्थी तिथे पहिल्या सत्रात हमखास गोंधळतो, कारण निबंध, सादरीकरणे आणि चाचण्या सत्रभर सुरू असतात आणि लहान वर्गात गप्प बसलेला माणूस लगेच दिसतो. इंग्रजी अडखळली तरी बोलावे. उच्चारांची लाज तिथे कोणी बाळगत नाही.

दुसरी बाब वेळेची. डच पद्धतीत एक श्रेयांक (क्रेडिट) म्हणजे 28 तासांचे काम, म्हणजे साडेसात श्रेयांकांच्या एका विषयाला 210 तास. तासिका त्यातला लहान भाग असतात, म्हणून वेळापत्रक रिकामे दिसले तरी फसू नये.

नवे विद्यार्थी सहसा या चुका करतात:

- संदर्भ न देता मजकूर उतरवणे. ही तिथे गंभीर शिस्तभंगाची बाब आहे.
- फक्त भारतीय मुलांतच राहणे.
- अडचण प्राध्यापकांना उशिरा सांगणे. त्यांना नावाने हाक मारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे.

आणि हो, दहावीच्या गुणपत्रिकेत आडनाव आधी असते. पासपोर्टवरील नावाशी ते आजच ताडून पाहा.