वाचकांचे प्रश्न : पुढचे ठरले नसेल, तर शाळा संपल्याचा आनंद साजरा करावा का?

प्रश्न : माझी मुलगी यंदा हायस्कूलचे शिक्षण पूर्ण करीत आहे. शाळेत ग्रॅज्युएशनचा समारंभ आहे आणि त्यानंतर घरीही जवळच्या माणसांना बोलवावे, अशी आमची इच्छा आहे. तिला मात्र ते नको आहे. तिच्या मैत्रिणींचे प्रवेश निश्चित झाले आहेत. तिला कोणता विषय घ्यावा हे उमगलेले नाही आणि ती एक वर्ष थांबण्याचा विचार करते आहे. “पुढचे काहीच ठरलेले नसताना कसला आनंद साजरा करायचा?” असे ती विचारते. तिच्या वडिलांना वर्ष वाया जाण्याची धास्ती वाटते. आम्ही काय करावे? – एक आई

उत्तर : आपल्या मुलीचा प्रश्न हट्टाचा नाही, हे प्रथम सांगतो. या समारंभाची जी खूण सर्वांच्या परिचयाची आहे, ती हवेत टोपी उडवण्याची प्रथा, तिचा आरंभ साधारणतः १९१२ साली अमेरिकेच्या ॲनापोलिस येथील नौदल अकादमीत झाला असे मानतात. त्यापूर्वी तेथून उत्तीर्ण झालेल्या तरुणांना अधिकारीपद मिळण्याआधी दोन वर्षे समुद्रावर उमेदवारी करावी लागे, त्यामुळे जुनी टोपी जपून ठेवणे भाग असे. त्या वर्षी मात्र त्यांना थेट अधिकारीपद मिळाले, नवी टोपी तयार होती आणि जुनीची गरज उरली नाही, म्हणून त्यांनी ती भिरकावली. आपल्या मुलीला नेमके हेच खुपते आहे. मैत्रिणींची पुढची टोपी तयार आहे, तिची नाही.

परंतु शाळा संपवणाऱ्या मुलांच्या बाबतीत हा हिशेब लावणे मला योग्य वाटत नाही. इतकी वर्षे रोज वेळेवर उठून, न आवडणारे विषयही तडीस नेऊन तिने जे पूर्ण केले, ते पुढच्या प्रवेशावर अवलंबून नाही. ते झालेले आहे. तेव्हा समारंभ अवश्य करावा, मात्र तो झालेल्या गोष्टीचा असावा. बहुतेक घरांत नेमके उलटे घडते : पाहुणा अभिनंदनाचे दोन शब्द बोलतो आणि लगेच “मग आता पुढे काय?” असे विचारतो. दहाव्यांदा हा प्रश्न ऐकल्यावर तो मेजवानी नसून तोंडी परीक्षा आहे, असे कोणत्याही मुलीला वाटेल. म्हणून निमंत्रण देतानाच मोजक्या माणसांना सूचना द्यावी, आणि कोणी विचारलेच तर देण्यासाठी “सध्या विचार करते आहे, ठरले की सांगेन” एवढे उत्तर तिच्यापाशी असावे. त्यावर वडिलांनी पुस्ती जोडू नये. कोणाला बोलवावे, हेही तिलाच ठरवू द्यावे. ती चारच नावे सांगेल, तर चारच.

आता वर्षाविषयी. थांबणे आणि रेंगाळणे यांत फरक आहे, आणि वडिलांची धास्ती बहुधा दुसऱ्याविषयी असावी. तिला एखादा विषय थोडा तरी जवळचा वाटत असेल, तर तिने अर्ज आत्ताच करावा आणि प्रवेश मिळाल्यावर तो वर्षभर पुढे ढकलण्याची परवानगी मागावी. अनेक विद्यापीठे अशी परवानगी देतात, परंतु ती आपोआप मिळत नाही; ती लेखी घ्यावी लागते. शिष्यवृत्तीही पुढच्या वर्षी कायम राहील का आणि मधल्या काळात अन्यत्र अभ्यासक्रम केल्यास प्रवेशावर परिणाम होईल का, हे दोन प्रश्न अवश्य विचारावेत, कारण या अटी प्रत्येक संस्थेत निराळ्या असतात.

विषयच सुचत नसेल, तर ठरावीक वेळेला हजर राहावे लागेल असे काहीतरी काम तिने धरावे. मग ते पगारी असो वा स्वयंसेवेचे. घरी बसून स्वतःचा शोध लागतो, यावर माझा फारसा विश्वास नाही. दुसऱ्याच्या वेळापत्रकात राहिल्यावर आपल्याला काय जमते आणि कशाचा वैताग येतो, हे लवकर कळते. पुढील अर्जांची मुदत संपण्याच्या दोन महिने आधीची एक तारीख तिने स्वतः ठरवावी आणि त्या दिवशी तिघांनी बसून बोलावे. तोपर्यंत जेवणाच्या टेबलावर हा विषय निघणार नाही, असे वडिलांनी कबूल करावे. त्यांना हे जड जाईल, पण तारीख समोर असली की गप्प राहणे थोडे सोपे होते.

एक काम मात्र समारंभाच्या आठवड्यातच उरकावे. तिला ओळखणाऱ्या दोन शिक्षकांना भेटून शिफारसपत्राची विनंती करावी आणि गुणपत्रकांच्या प्रमाणित प्रती घेऊन ठेवाव्यात. वर्षभराने त्या शिक्षकांपुढे नवे वर्ग असतील आणि आज तिच्याविषयी जे बारकावे ते सहज लिहू शकतील, ते तेव्हा त्यांना आठवावे लागतील.