पैशाचं विचारलं म्हणजे माया कमी?

समुपदेशनासाठी येणाऱ्यांकडून एक काळजी आता वरचेवर ऐकू येते. सांगायला सुरुवात होते ती वेगळ्याच गोष्टीपासून. झोप लागत नाही, ऑफिसात लक्ष लागत नाही, नवरा-बायकोत अबोला आहे. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत कळतं की घरचा कुत्रा किंवा मांजर अचानक आजारी पडलं, रात्री-अपरात्री दवाखाना गाठावा लागला आणि बिल परवडण्यापलीकडे गेलं. कुणी कर्ज काढून उपचार केले, कुणी अर्ध्यावर थांबवले. दोघांनाही छळणारा प्रश्न एकच असतो: अशा वेळी पैशाचा विचार मनात आला, म्हणजे मी माणूस म्हणून कमी पडलो का?

यातला एक अनुभव इथे मांडते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

चाळिशीतले गृहस्थ. चाकणच्या एका कंपनीत सुपरवायझर. घरी बायको, आई आणि दहावीतली मुलगी. राणी नावाची आठ वर्षांची लॅब्राडोर त्यांनी अगदी पिल्लू असताना आणली होती. तिची नसबंदी केली नव्हती, कारण "मादीला एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत" असं सगळे म्हणत. वैद्यकीयदृष्ट्या याला आधार नाही, पण हा समज घरोघरी आहे. माजावर येऊन गेल्यावर दीडेक महिन्यानं ती भांडंभर पाणी पिऊ लागली, खाणं सुटलं, कोपऱ्यात पडून राहू लागली. उन्हाळा आहे म्हणून चार दिवस गेले. पाचव्या रात्री उभीच राहीना. गर्भाशयात पू झाला होता, पशुवैद्य ज्याला पायोमेट्रा म्हणतात. गर्भाशयाचं तोंड बंद असेल तर बाहेर स्राव दिसत नाही, त्यामुळे घरच्यांच्या लक्षातच येत नाही, आणि आतलं विष मूत्रपिंडापर्यंत पोचतं.

रात्रीच शस्त्रक्रिया झाली. पुढे पाच दिवस अतिदक्षता. सहाव्या दिवशी राणी गेली. बिल झालं 1,18,000 रुपये. शस्त्रक्रिया, भूल आणि रात्रीचा आकार मिळून 42,000, अतिदक्षतेचे रोजचे 9,000 प्रमाणे 45,000, बाकी तपासण्या आणि औषधं. त्यांनी 50,000 क्रेडिट कार्डावर टाकले, 40,000 मोबाइलवरच्या झटपट कर्जाच्या ॲपवरून उचलले आणि 28,000 मुलीच्या क्लासच्या फीमधून काढले. बायकोला आकडा सांगितला पन्नास हजार.

"मॅडम, एवढे पैसे घालवले याचं वाईट वाटतं, आणि अजून घालवायला हवे होते असंही वाटतं. दुसऱ्या हॉस्पिटलात नेली असती तर वाचली असती का?"

"या दोन गोष्टी एकाच वेळी वाटतात?"

"हो. दिवसा पहिली, रात्री दुसरी."

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 मध्ये जी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली, तिच्या वाटेनं मी काम करते. माणूस खचतो तो घटनेपेक्षा त्या घटनेवर स्वतःशीच दिलेल्या निकालामुळे, यावर माझा पक्का विश्वास आहे. या गृहस्थांचा निकाल कुठेतरी लिहिलेला असणार, तो शोधायचा होता. म्हणून पुढच्या भेटीला राणीची हॉस्पिटलची फाइल घेऊन या, असं सांगितलं. शोक हलका करण्यासाठी लोक असले कागद फेकून देतात किंवा कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवतात. माझा अनुभव असा की अपराधीपणाची बरीच गाठ त्या कागदांतच सुटते.

फाइल टेबलावर उघडली. क्रिएटिनिन म्हणजे मूत्रपिंडाच्या कामाचा अंदाज देणारा आकडा. निरोगी कुत्र्यात तो साधारण दीडच्या आत असतो. राणीचा दुसऱ्या दिवशी 3.9, तिसऱ्या दिवशी 5.6, चौथ्या दिवशी 8.2. तिसऱ्या दिवसाच्या कागदावर डॉक्टरांनी इंग्रजीत लिहिलं होतं की बरी होईल याची खात्री देता येत नाही. चौथ्या दिवशी लिहिलं होतं, शक्यता कमी. खाली दोन्ही दिवशी या गृहस्थांची सही.

त्यांनी ते वाचलंच नव्हतं.

"म्हणजे चौथ्या दिवशी मला विचारता आलं असतं," ते बऱ्याच वेळानं म्हणाले.

"काय विचारलं असतं?"

"की हे कुठवर चालणार. घरी नेऊ का."

"मग का नाही विचारलं?"

"विचारलं असतं तर पैशासाठी विचारतोय असं वाटलं असतं."

"कुणाला?"

ते थांबले. मी काहीच बोलले नाही. अशा क्षणी समुपदेशकानं शांत बसायचं असतं, आणि ते शिकायला वर्षं लागतात.

"मलाच," ते म्हणाले. आणि मग, "चौथ्या दिवशी मी तिच्याजवळ किती बसलो असेन? पंधरा मिनिटं. बाकी वेळ बिलिंगच्या खिडकीशी आणि फोनवर ॲपचा फॉर्म भरत."

इथे गाठ सुटली. पैशाचा प्रश्न विचारणं म्हणजे राणीला दगा देणं, हा त्यांनी स्वतःशी केलेला करार होता. तो पाळण्यासाठी त्यांनी डॉक्टरांना एकही प्रश्न विचारला नाही, बायकोशी खोटं बोलले आणि राणीचे शेवटचे दिवस काउंटरवर घालवले. "किती खर्च येईल" आणि "हिला आता कशाचा उपयोग आहे" हे दोन प्रश्न दवाखान्यात जवळजवळ नेहमी जोडीनं येतात. एक विचारायची लाज वाटली की दुसराही राहून जातो. इतक्या जणांचं ऐकल्यानंतर मी हे ठामपणे सांगू शकते.

म्हणून आता माझ्याकडे पाळीव प्राणी असलेलं कुणीही आलं, तर त्यांच्याशी मी पुढच्या गोष्टी बोलते.

पहिली गोष्ट, काउंटरवर आकडा आधी सांगा. "माझ्याकडे आज वीस हजार आहेत, यात काय काय करता येईल?" हे वाक्य पशुवैद्यांना अपमानाचं वाटत नाही. रोज ऐकतात ते. त्यावरून कुठल्या तपासण्या आत्ता हव्यात आणि कुठल्या थांबू शकतात हे ते ठरवू शकतात. पहिल्या चोवीस तासांचा कमीत कमी आणि जास्तीत जास्त अंदाज लेखी मागा. प्रत्येक महागड्या तपासणीआधी विचारा, "हिच्या निकालानं उपचार बदलणार आहेत का?" उत्तर नाही असेल तर ती तपासणी टाळण्याबद्दल बोलता येतं. बरं होण्याची शक्यता उपचार केले तर किती, नाही केले तर किती, आणि पुन्हा निर्णय कधी घ्यायचा, हेही विचारा. दिवसाच्या खर्चाची मर्यादा ठरवा आणि ती ओलांडायची झाल्यास आधी फोन करा, असं फाइलवर लिहवून घ्या. भरती केलेल्या प्राण्याचं बिल वाढतं ते बहुधा रोजच्या आकारानं आणि परत परत होणाऱ्या रक्ततपासण्यांनी. एकरकमी शस्त्रक्रियेचा आकडा लोक लक्षात ठेवतात, रोजचा विसरतात.

सगळंच रात्री करावं लागतं असं नाही. धाप लागणं, न थांबणारा रक्तस्राव, विषबाधा, पाच मिनिटांहून लांबलेली आकडी, मोठ्या छातीच्या कुत्र्याचं पोट अचानक फुगून नुसत्या कोरड्या उलट्या होणं, बोका वारंवार बसतोय पण लघवी होत नाही, मादी जोरात कळा देतेय आणि अर्ध्या तासात पिल्लू आलं नाही, यात सकाळची वाट बघायची नाही. लहान पिल्लाच्या उलट्या-जुलाबातही नाही, कारण पार्व्हो हा विषाणूचा आजार असेल तर शरीरातलं पाणी झपाट्यानं जातं. पण मोठा, एरवी खेळता-खाता कुत्रा एकदा ओकला किंवा कान खाजवतोय, तर फोनवर विचारून सकाळी नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलं तरी चालतं. मधल्या परिस्थितीत रात्रीच्या ठिकाणी वेदनाशामक, सलाइन, ऑक्सिजन देऊन प्राणी स्थिर करायचा आणि सकाळी दुसरीकडे हलवायचा, हाही एक रस्ता आहे. त्याबद्दल मोकळेपणानं विचारा.

घरातली माणसांची औषधं मात्र देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. "तोवर थोडं बरं वाटेल" म्हणून दिलेल्या गोळीपायी मग खरी आणीबाणी उभी राहते.

माणसांसाठी सरकारी रुग्णालयं आहेत, महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे, विमा आहे. पाळीव प्राण्यांसाठी यातलं फारच थोडं आहे. भूल, एक्स-रे, रात्रपाळीचे कर्मचारी यांचा पूर्ण खर्च थेट मालकाच्या बिलात दिसतो. डॉक्टर लुटतात, हा राग समजण्यासारखा आहे, पण बहुतेक वेळा तो चुकीच्या पत्त्यावर जातो. स्वस्त पर्याय आहेत, ते आधी माहीत हवेत. पुण्यात औंधला पशुसंवर्धन विभागाचं सर्वचिकित्सालय आहे. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय 19व्या शतकापासून चालू आहे, आणि त्याच आवारात पशुवैद्यकीय महाविद्यालय. नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर इथेही पशुवैद्यकीय महाविद्यालयांचे दवाखाने आहेत. मुंबईतच महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं प्राण्यांचं रुग्णालय 2024 मध्ये सुरू झालं, तिथे चोवीस तास सेवा आहे. आपल्या गावाजवळचं कुठलं, कुठल्या वेळेत उघडं, रात्री कोण फोन उचलतं, हे प्राणी धडधाकट असताना एका कागदावर लिहून ठेवायचं.

आता पैसे. आधी स्वतःची बचत, मग हॉस्पिटल हप्ते देईल का ते, मग कंपनीची सोसायटी, ओळखीची पतसंस्था किंवा सोनं तारण. कार्ड वापरलंच तर लगेच बँकेला सांगून ती रक्कम हप्त्यांत बदलून घ्या. "कमीत कमी रक्कम भरा" या ओळीवर राहू नका. या गृहस्थांचा हिशोब मी त्यांच्यासमोर मांडला: 50,000 वर महिना साडेतीन टक्के म्हणजे 1,750 व्याज, त्यावर 18 टक्के जीएसटीचे 315. कमीत कमी म्हणून 2,500 भरले तर मुद्दल कमी होणार फक्त 435. त्यांनी तो आकडा दोनदा स्वतः करून बघितला.

ॲपचं कर्ज शेवटी, आणि तेही तपासून. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे कर्ज कुठली बँक किंवा वित्तसंस्था देतेय हे ॲपनं सांगायलाच हवं, वर्षाचा एकूण खर्च टक्क्यांत दाखवणारं पत्रक द्यायलाच हवं, आणि फोनमधले नंबर, फोटो त्याला चाळता येत नाहीत. मन बदललं तर ठरावीक मुदतीत दंडाशिवाय, तेवढ्या दिवसांच्या खर्चासह, मुद्दल परत करण्याची सोयही त्यात आहे. जे ॲप संपर्कयादीची परवानगी मागतं, ते तिथल्या तिथे काढून टाका.

विमा मिळतो, पण आधीपासूनचा आजार बहुधा वगळलेला असतो, सुरुवातीचा काही काळ दावा करता येत नाही आणि वयाची मर्यादा असते. म्हणून तो पिल्लू असतानाच बघायचा. माझ्या मते मध्यमवर्गीय घराला याहून उपयोगी पडतं ते महिना हजार रुपयांचं वेगळं आवर्ती खातं, प्राण्याच्या नावानं धरलेलं. दोन वर्षांत चोवीस हजार मुद्दल जमते, रात्रीच्या पहिल्या आगाऊ रकमेला ती पुरते. सहा ते आठ आठवड्यांपासून सोळा आठवड्यांपर्यंत पार्व्होची लस वेळच्या वेळी, गोचीडांचा बंदोबस्त आणि मादीची वेळेवर नसबंदी, एवढ्यानं कितीतरी रात्री टळतात.

आणि घरात एकदा बसून बोला. किती खर्च करायचा, कुठे थांबायचं, हे प्राणी ठणठणीत असताना ठरवा, मुलांसमोर ठरवा. दयामरण हा शब्द काढला तरी पाप लागेल असं अनेकांना वाटतं, विशेषतः घरातल्या वडीलधाऱ्यांना. बरं होण्याची आशा उरलेली नसताना वेदना थांबवणं हाही उपचाराचाच भाग आहे, आणि त्याबद्दल डॉक्टरांना विचारणं म्हणजे हार मानणं नाही. खर्च झेपत नाही म्हणून प्राण्याला दवाखान्यात सोडून निघून जाणं मात्र करू नका. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं भूक-तहानेनं हाल होतील अशा रीतीनं प्राण्याला विनाकारण वाऱ्यावर सोडणं गुन्हा आहे, आणि त्या वाटेनं गेलेल्यांची अपराधी भावना मी सर्वांत चिवट पाहिली आहे.

या गृहस्थांनी पुढच्या आठवड्यात बायकोला खरा आकडा सांगितला. ती रागावली ती खोट्यावर, खर्चावर नाही. कंपनीच्या सोसायटीतून कमी व्याजाचं कर्ज काढून त्यांनी ॲपचं कर्ज मिटवलं आणि फी भरली. कार्डाचे बारा हप्ते केले. राणीसाठी रडायला त्यांना कुणी रजा दिली नव्हती, ते रडणं आमच्या दोन भेटींत झालं.

काही महिन्यांनी ते दोघं मिळून आले. मुलगी नवं पिल्लू मागत होती आणि त्यांना वाटत होतं की इतक्यात आणलं तर राणीशी बेइमानी होईल. बायकोनं वही काढली. लसींच्या तारखा, नसबंदीचं वय, आवर्ती खात्याचा हप्ता, रात्रीच्या दवाखान्याचा फोन. शेवटी लिहिलं होतं, साठ हजारांपर्यंत न विचारता, पुढे दोघांनी बोलून. तो आकडा गृहस्थांनीच सुचवला होता.