पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये पार्टिशनवाइज जॉइन कधी चालू करावा?

भाऊ, रावेर-यावल पट्ट्यातल्या केळीखरेदीचा पाच वर्षांचा डेटा, 'खरेदी' आणि 'काटापावती' दोन्ही टेबलं तारखेवर महिनावार पार्टिशन केलेली (म्हणजे तुकड्यांत विभागलेली), आणि वार्षिक रिपोर्ट रखडतो. म्हणून एनेबल_पार्टिशनवाइज_जॉइन ही सेटिंग (अख्खी टेबलं न जोडता पार्टिशनला पार्टिशन जोडणारी) अख्ख्या सर्व्हरवर ऑन करू का, असं तुम्ही विचारलंय.

सर्व्हरवर नको. रिपोर्टच्या युजरपुरतं करा, तेही क्वेरी तपासून.

आवृत्ती 11 मध्ये, 2018 साली आलेली ही सेटिंग डिफॉल्टला ऑफ असते, ते उगाच नाही. ऑन केली की प्लॅनर, म्हणजे क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग, पार्टिशनच्या प्रत्येक जोडीचा जॉइन वेगळा आखतो. तुमच्याकडे 60 जोड्या. त्यात तसंच पार्टिशन केलेलं तिसरं टेबल आलं, की प्लॅनिंगचा वेळ आणि मेमरी फुगते. काट्यावर गाडी उभी असताना धावणारी पावतीची क्वेरी एकाच पार्टिशनमध्ये जाते, तिला फायदा शून्य.

खरी गोम जॉइनच्या अटीत आहे. नुसत्या पावती क्रमांकावर जोडलंत तर सेटिंग ऑन असूनही काही होणार नाही. पार्टिशन कीचे (ज्यावर तुकडे पाडलेत त्याचे) सगळे कॉलम बरोबरीच्या चिन्हाने जुळले पाहिजेत, डेटाटाइपही एकच हवा. पण तारीख जोडताना जपून! खरेदी 31 तारखेची आणि गाडी रात्री बारानंतर काट्यावर चढली, तर तारखा जुळत नाहीत आणि ती ओळ रिपोर्टमधून गुपचूप गळते. काटापावतीतही खरेदीचीच तारीख ठेवा, पार्टिशन तिच्यावरच करा. वजनाची वेळ वेगळ्या कॉलममध्ये.

तपासायचं असं: ट्रान्झॅक्शन उघडा, सेट लोकलने तेवढ्यापुरती सेटिंग ऑन करा, एक्सप्लेन अॅनालाइझ (क्वेरी चालवून तिचा प्लॅन आणि वेळ दाखवणारी आज्ञा) चालवा, रोलबॅक करा. अपेंड (तुकड्यांचे निकाल एकत्र करणारी पायरी) वर आणि त्याच्या खाली बरेच हॅश जॉइन (मेमरीत हॅश तक्ता बांधून केलेले जॉइन) दिसले तर जमलं. आधी एकाच मोठ्या हॅशच्या बॅचेस 1 पेक्षा जास्त असतील, म्हणजे डिस्कवर सांडत असेल, तर फरक चांगला पडतो. प्लॅनिंग टाइम आणि एक्झिक्युशन टाइमची बेरीज दोन्हीकडची पाहा, नुसता दुसरा आकडा नको. त्याआधी मूळ टेबलांवर हाताने अॅनालाइझ (प्लॅनरसाठी डेटाची आकडेवारी गोळा करणारी आज्ञा) चालवा. पोस्टग्रेसची आपोआप चालणारी देखभाल, ऑटोव्हॅक्यूम, ते पार्टिशनवर करतो, मूळ टेबलावर नाही.

मग ऑल्टर रोलने रिपोर्टच्या युजरला सेटिंग लावा. नव्या सेशनपासून लागू होते. सोबत वर्क_मेम, म्हणजे क्वेरीतल्या एकेका कामाची मेमरीची मर्यादा, मात्र वाढवू नका. ती मर्यादा प्रत्येक हॅशला वेगळी असते: 256 एमबी गुणिले 60 म्हणजे 15 जीबीपर्यंत मजल, आणि आवृत्ती 15 पासून हॅशला डिफॉल्टने त्याच्या दुप्पट मुभा आहे.