जुनी पेट्रोल गाडी पीयूसीत नापास होते, कन्व्हर्टर बदलावा का?

तुम्ही लिहिलंय की गाडी २००६ ची आहे, पेट्रोल, सीओ (कार्बन मोनॉक्साइड) १.४ टक्के आणि एचसी (हायड्रोकार्बन, म्हणजे न जळालेलं पेट्रोल) १८० पीपीएम आला, आणि गॅरेजवाला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या नळीतला धूर स्वच्छ करणारा भाग) बदला म्हणतोय. नका बदलू. निदान एवढ्यात तरी नको.

तुमच्यासारख्या भारत स्टेज २ आणि ३ च्या (प्रदूषणाच्या सरकारी नियमांचे टप्पे) गाड्यांना सीओ ०.५ टक्के आणि एचसी ७५० पीपीएमपर्यंत चालतो. म्हणजे तुमचं अडलंय फक्त सीओवर. प्लग किंवा त्याच्या वायरी खराब झाल्या की पेट्रोल न जळताच बाहेर पडतं आणि एचसी चढतो, ती तुमची गोष्ट दिसत नाही. नुसता सीओ चढतो तेव्हा इंजिनात पेट्रोल जास्त जातंय. ते का जातंय हे न बघता नवा कन्व्हर्टर बसवला तर तोही वाया जाईल.

आमच्या घरी २००४ ची झेन आहे, बाबांची. २०१६ च्या एप्रिलमध्ये साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात ट्रॅफिकमध्ये ती तापली. रेडिएटरच्या पंख्याची मोटर जळाली होती. बाबांच्या नेहमीच्या मिस्त्रींनी मोटर बदलली आणि त्याच वेळी थर्मोस्टॅटही (इंजिनातल्या पाण्याची झडप) काढून फेकून दिला. "आपल्या उन्हात हा कशाला लागतो? थंड देशांसाठी असतो तो." गाडी पुन्हा तापली नाही. त्याचं सगळं श्रेय थर्मोस्टॅट काढण्याला मिळालं, नव्या मोटरला काहीच नाही. मी तेव्हाच म्हटलं होतं की हे चुकीचं आहे. बाबा म्हणाले, त्यांचा वीस वर्षांचा अनुभव आहे, तू पुस्तकातलं बोलू नकोस. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केलाय आणि हे वाक्य मला अजून लागतं.

पुढची तीन वर्षं पीयूसी ओळखीच्या ठिकाणाहून यायची, गाडी न नेता. मला हा प्रकार मुळीच मान्य नाही. नळी सायलेन्सरमध्ये घातलीच नाही तर गाडी आजारी आहे हे कळणार कसं? २०१९ च्या डिसेंबरात पंधरा वर्षं भरल्यावर रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण आलं, तेव्हा मी स्वतः गाडी घेऊन गेले. सीओ १.६. तिथेही हाच सल्ला मिळाला, कन्व्हर्टर बदला.

मी आधी टेम्परेचरचा काटा बघितला. हायवेवर पाऊण तास चालवूनही तो खालच्या रेघेच्या वर येत नव्हता. हीटर लावला तर कोमट हवा. थर्मोस्टॅट इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही, साधारण ८० ते ९० अंशांना उघडतो. तोच नसेल तर इंजिन नीट तापतच नाही, आणि ईसीएमला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) वाटतं गाडी आत्ताच सुरू झालीये, म्हणून तो पेट्रोल वाढवत राहतो. हाउसिंगचे बोल्ट काढले, आत पोकळी. नवा थर्मोस्टॅट साडेचारशे रुपयांना मिळाला. पुन्हा टेस्ट केली, ०.३८. पास.

तुम्ही हे घरी करा: सकाळी गार इंजिन सुरू करून रेडिएटरच्या वरच्या होजला हात लावा (पंख्यापासून लांबून). सुरुवातीला होज गार राहायला हवा आणि काही मिनिटांनी एकदम गरम व्हायला हवा. पहिल्यापासून हळूहळू कोमट होत गेला तर थर्मोस्टॅट नाही किंवा उघडाच अडकलाय. होज ठीक वाटला तर एअर फिल्टर, कूलंट टेम्परेचर सेन्सर आणि ऑक्सिजन सेन्सर, या क्रमाने. टेस्टला जाताना वीस मिनिटं गाडी चालवून जा, गार कन्व्हर्टर काम करत नाही.

हे सगळं एमपीएफआय (कॉम्प्युटरने पेट्रोल फवारणाऱ्या) गाड्यांचं झालं. कार्बोरेटरची गाडी असेल तर मर्यादा वेगळी आणि उपायही वेगळे. आणि हो, कन्व्हर्टर खरोखरच गेलेला असू शकतो, किंवा आधीच्या मालकाच्या काळात कोणी तो कापून विकलाही असेल. खाली वाकून बघा. पण एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक वेळी रीडिंग घ्या.

हे शेवटचं मी मुद्दाम लिहितेय, कारण बाबा आजही म्हणतात की थर्मोस्टॅटचा काही संबंध नव्हता, ऑइल बदललं म्हणून गाडी पास झाली. ऑइलला पेट्रोलचा वास येत होता हे खरं आहे, आणि तसं ऑइलही सीओ वाढवतं हेही खरं. पण पीयूसी १२ डिसेंबरची आहे आणि ऑइलची पावती २७ डिसेंबरची. दोन्ही कागद गाडीच्या कप्प्यात एकत्र ठेवलेत.