ऑफर मागे घेतली, कारण सांगितलं नाही

‘ऑफर लेटर हातात होतं. त्या भरवशावर राजीनामा दिला, नोटीस पिरियडही पूर्ण केला. आता नवी कंपनी म्हणते, बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये विसंगती आढळली, ऑफर रद्द. माझं काय चुकलं? आता कुठेच नोकरी मिळणार नाही का?’

हा प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला येणारी मुलंमुली गेल्या काही वर्षांत वाढली आहेत. त्यांना मी आधी एवढंच सांगते की एका कंपनीने नकार दिला म्हणजे सगळी दारं बंद झाली असं नाही. प्रत्येक नवी कंपनी आपली तपासणी नव्याने करून घेते. पण चूक जिथे बसली आहे तिथून ती काढून घेतली नाही, तर पुढच्या तपासणीत तीच पुन्हा समोर येऊ शकते. म्हणून पहिलं काम, नेमकं काय लिहिलंय ते मिळवायचं. नव्वद टक्के त्रास ते न कळण्याचा असतो.

सचिनची गोष्ट त्याच्या परवानगीने सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. खरं नावही असंच, त्याच्या वयाच्या मुलांत सर्रास आढळणारं, आणि आडनाव लालबाग-परळच्या कुठल्याही चाळीत दोन-चार दारांवर दिसेल असं. वय २९, बी.कॉम., मालाडच्या एका कंपनीत पाच वर्षं बॅक ऑफिसला. वडील बेस्टमधून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, भांडुपला वन रूम किचन, घरात त्याच्यासाठी स्थळं बघणं चाललेलं. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एका वित्तीय कंपनीत त्याची निवड झाली आणि जॉइनिंगच्या तीन दिवस आधी ऑफर गेली.

माझ्याकडे तो आला झोप येत नाही म्हणून. दुपारची वेळ होती. बोलता बोलता कळलं की पाठपिशवीत भरलेला डबा आहे. ऑफर गेल्याचं त्याने घरी सांगितलंच नव्हतं. रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, डबा घेऊन भांडुपहून निघायचं, दादरला उतरायचं, शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर नाहीतर एखाद्या वाचनालयात दिवस काढायचा आणि ऑफिस सुटायच्या गर्दीत परत घरी. ‘जेवण जात नाही,’ तो म्हणाला, ‘पण डबा तसाच नेला तर आई विचारेल, म्हणून संपवतो.’

‘कंपनीने काय कळवलंय?’ मी विचारलं.

त्याने मोबाइलवर मेल दाखवला. तीन ओळी. विसंगती आढळली, ऑफर मागे घेत आहोत, पुढील वाटचालीस शुभेच्छा.

‘विसंगती कशात?’

‘ते नाही लिहिलेलं, मॅडम. पण असणारच काहीतरी. २०१९मध्ये मी एका ठिकाणी दीड महिना काम केलं होतं, जमलं नाही म्हणून सोडलं. सीव्हीत टाकलं नव्हतं. तेच असेल. नाहीतर टी.वाय.ला एटीकेटी लागली होती, त्यामुळे पासिंगचं वर्ष मागेपुढे झालं असेल. किंवा जुन्या मॅनेजरने काहीतरी सांगितलं असेल. तो माझ्यावर खार खाऊन होता.’

बोलताना त्याने एक ड्राफ्टही दाखवला. एचआरला पाठवायचा माफीनामा तयार होता, दीड महिन्याची ती नोकरी लपवल्याबद्दल क्षमा मागणारा. फक्त पाठवलेला नव्हता.

आरोप कोणता ते सांगितलं नाही की माणूस स्वतःच स्वतःविरुद्ध पुरावे गोळा करायला लागतो, हे मी फार वेळा पाहिलं आहे. जितका माणूस सरळ, तितकी ही यादी लांब. आणि त्या यादीपायी तो दोन गोष्टी करतो. घरच्यांपासून लपवतो, आणि कंपनीपुढे मान खाली घालतो. दोन्हींमुळे चूक आणखी पक्की होते. तो माफीनामा गेला असता तर कंपनीला आयतं कारण मिळालं असतं आणि खरी गफलत कधी उघडकीलाच आली नसती.

मी त्याला वहीच्या पानावर मधोमध रेघ मारायला सांगितली. डावीकडे ‘मला कळलेलं’, उजवीकडे ‘मी धरून चाललेलं’. उजवी बाजू भरली, पाठीमागे गेली. डावीकडे एकच ओळ आली: विसंगती, तपशील नाही. ते पान बराच वेळ बघून तो म्हणाला, ‘म्हणजे मला काहीच माहीत नाही.’ त्या दिवशी त्याला मिळालेली सगळ्यात उपयोगी गोष्ट हीच होती.

दीड महिन्याच्या नोकरीचं आम्ही वेगळं बोललो. ती लपवू नये, पुढच्या फॉर्ममध्ये लिहावी, कारण पीएफ कापला गेला असेल तर यूएएनच्या, म्हणजे आपल्या कायमच्या पीएफ क्रमांकाच्या, सर्व्हिस हिस्टरीत ती दिसतेच. पण न विचारलेल्या गोष्टीची कबुली भीतीपोटी देणं म्हणजे प्रामाणिकपणा नव्हे.

मग मेल लिहिला. माफी नाही, राग नाही, विनवणी नाही. अमुक तारखेचं ऑफर लेटर, अमुक तारखेचा रद्द झाल्याचा मेल. तपासणीसाठी मी लेखी संमती दिली होती, तेव्हा माझ्याविषयीच्या अहवालाची प्रत द्यावी. निदान कोणत्या तपासणीत, कोणत्या नोंदीवरून विसंगती ठरवली ते कळवावं. नोंद चुकीची असल्यास सात दिवसांत कागद सादर करतो, तोवर निर्णय स्थगित ठेवावा. एक प्रत तपासणी करणाऱ्या एजन्सीच्या तक्रार निवारण पत्त्यावर. एजन्सीचं नाव कुठून मिळणार, असं पुष्कळजण विचारतात. जॉइनिंगच्या कागदांत आपण जे संमतीपत्र न वाचता सही करून देतो, त्यावर ते बहुतेक वेळा असतं.

अमेरिकेत अहवालावरून नोकरी नाकारायची तर उमेदवाराला आधी त्याची प्रत द्यावी लागते, तसा कायदा आहे. आपल्याकडे खासगी नोकरभरतीसाठी असा वेगळा कायदा नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ साली संमत झाला, त्यात स्वतःविषयीची माहिती मागण्याचा आणि चुकीची दुरुस्त करून घेण्याचा हक्क आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये निघाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू व्हायच्या आहेत. तोपर्यंत मागणं आपल्या हातात आहे, आणि लेखी मागितल्यावर पुष्कळ कंपन्या देतात. फोनवर मात्र ‘पॉलिसी आहे’ यापलीकडे उत्तर येत नाही.

सचिनलाही दुसऱ्या स्मरणपत्रानंतर दोन पानं आली. शिक्षण हिरवं, म्हणजे बरोबर, जुनी नोकरी हिरवी, पत्ता हिरवा. दीड महिन्याच्या नोकरीचा उल्लेखही नाही. लाल रंग एकाच ठिकाणी, न्यायालयीन नोंदी. कल्याण न्यायालय, २०१७ची केस, भारतीय दंड विधान कलम ३२४, ५०४, ५०६. म्हणजे हत्याराने दुखापत, शिवीगाळ, धमकी. आरोपीचं नाव तेच, आडनाव तेच. वडिलांच्या नावाच्या रकान्यात ‘उपलब्ध नाही’. भांडुपची इमारत पुनर्विकासाला गेली तेव्हा हे कुटुंब दोन वर्षं डोंबिवलीला भाड्याने राहिलं होतं. नाव जुळलं, तालुका जुळला, शेरा बसला.

हे कसं होतं ते समजून घ्यायला हवं. न्यायालयांतल्या केसची माहिती देणाऱ्या ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने शोधता येतं, पण तिथे जन्मतारीख नसते. अनेक केसमध्ये मधलं नावही नसतं. आपल्याकडे माणूस ओळखायचा तो वडिलांच्या नावासकट, आणि तेच गळलं की एका जिल्ह्यात त्या नावाची किती माणसं निघतील! जुळलेल्या नावाचे मूळ कागद काढून बघणं हे तपासणाऱ्याचं काम. ते न करता लाल शेरा मारणं आणि तो शेरा बघून उमेदवाराला एक फोनही न करणं, हा मी सरळ अन्याय मानते. एका फोनने हा प्रश्न मिटला असता.

पोलीस, कोर्ट हे शब्द वाचून सचिनचे हात थरथरत होते. ‘बाबांना कळलं तर?’ मी म्हटलं, बाबांना कळायलाच हवं, कारण आता तुला त्यांच्या नावाची गरज आहे. त्या रात्री त्याने घरी सगळं सांगितलं. आई रडली. वडील थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, ‘अरे, डबा घेऊन उन्हातान्हात कशाला फिरत होतास? आधी बोलायचंस ना.’ दुसऱ्या दिवशी तेच त्याच्याबरोबर कागद काढायला निघाले.

सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६मध्ये दिलेल्या आदेशानुसार, संवेदनशील गुन्हे वगळता एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकावा लागतो. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर जिल्हा, पोलीस ठाणं आणि वर्ष टाकून तो शोधता येतो. ई-कोर्ट्सवर केसच्या माहितीत पोलीस ठाणं आणि गुन्हा क्रमांक होताच. एफआयआरची प्रत निघाली. आरोपीच्या वडिलांचं नाव वेगळं आणि वय ४१. त्या वर्षी आमचा सचिन २१चा होता, टी.वाय.ची एटीकेटी सोडवत होता. त्या प्रतीला आधार, पॅन आणि शाळा सोडल्याचा दाखला जोडला. शिवाय चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्रासाठी ऑनलाइन अर्ज केला. एफआयआर असा सापडला नाही, तर वकिलामार्फत न्यायालयातून दोषारोपपत्राची प्रमाणित प्रत मागता येते. वेळ लागतो, पण मिळते.

सगळ्यांचंच प्रकरण इतकं भयंकर नसतं. बऱ्याचदा लाल शेऱ्यामागे फक्त ‘पडताळणी होऊ शकली नाही’ एवढंच असतं, आणि भरती करणारा ते ‘खोटं बोलला’ असं वाचतो. माझ्याकडे आलेल्या एका विवाहितेची जुनी कंपनीच बंद पडली होती, फोन उचलायला कोणी नाही, आणि डिग्री माहेरच्या नावावर. तिने फॉर्म १६, आयकर खात्याच्या संकेतस्थळावरचा २६एएस (कापलेल्या कराची नोंद), पगार जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट आणि पीएफचं पासबुक दिलं. नावासाठी विवाह नोंदणी प्रमाणपत्र. पीएफमध्ये नोकरी सोडल्याची तारीखच भरलेली नव्हती. शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने उलटले की ती तारीख आता आपण स्वतः यूएएन पोर्टलवर भरू शकतो, हे तिला ठाऊक नव्हतं. बँका आणि वित्तीय कंपन्या सिबिलही, म्हणजे आपल्या कर्जांची नोंद, बघतात. क्रेडिट कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. नोकरी बदलायच्या आधी तो एकदा काढून बघावा, कधी न घेतलेलं कर्ज आपल्या नावावर निघतं.

आणि ज्याच्यावर खरोखरच केस होती, त्याचं काय? कॉलेजातली मारामारी, मोर्चातली अटक, पुढे निर्दोष सुटका. सरकारी नोकरीच्या साक्षांकन फॉर्ममध्ये विचारलं असेल तर खरं लिहावं. अवतार सिंग प्रकरणात २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की केस किरकोळ स्वरूपाची होती का, पद कोणतं आहे, हे बघून निर्णय घ्यायला हवा. मात्र माहिती दडवणं हे स्वतंत्रपणे अंगाशी येऊ शकतं. हे सांगताना मला समोरच्याच्या चेहऱ्यावरची भीती दिसते, तरी मी सांगते.

या सगळ्या काळात सचिनची झोप एकदम सुधारली नाही. कागद पळवण्यात दिवस जायचा, रात्री तेच विचार. रात्री दहानंतर मेल बघायचा नाही आणि सकाळी घराबाहेर पडायचं ते खोट्या ऑफिसला नव्हे, हे दोन नियम त्याने कसोशीने पाळले. अशा काळात जगणंच नकोसं वाटायला लागलं, तर कागदपत्रं बाजूला ठेवून आधी बोला. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

एजन्सीने सुधारित अहवाल पाठवला, सगळे रकाने हिरवे. कंपनीनेही चूक मान्य केली, पण जागा तोवर भरली होती. ‘पुन्हा अर्ज करू शकता’ असं उत्तर आलं. सचिन पहिल्यांदा माझ्यासमोर चिडला, आवाज चढवून बोलला, आणि मला बरं वाटलं. इतके दिवस तो स्वतःवरच चिडत होता. नुकसानभरपाईसाठी नोटीस द्यायची का, यावर त्याने वकिलाचा सल्ला घेतला. ऑफर लेटरमध्येच ‘व्हेरिफिकेशनच्या अधीन’ अशी अट असते, त्यामुळे लढाई लांबेल असं वकील म्हणाले. त्याने नोटीस न देण्याचं ठरवलं. दोन महिन्यांचा पगार गेला तो गेलाच.

पुढची मुलाखत विक्रोळीला होती. त्याआधी आम्ही एक प्रश्न अनेकदा घोकला: मालाडची नोकरी सोडून दोन महिने काय करत होतात? त्याचं उत्तर अखेर चार वाक्यांत बसलं. ऑफर होती, नामसाधर्म्यामुळे चुकीचा शेरा बसला, तो दुरुस्त झाला, कागद माझ्याकडे आहेत. निवड झाल्यावर फॉर्ममध्ये ‘इतर माहिती’च्या रकान्यात त्याने स्वतःहून लिहिलं की कल्याण न्यायालयात माझ्या नावाशी जुळणारी एक केस आहे, ती व्यक्ती मी नव्हे, आणि एफआयआरची प्रत व सुधारित अहवाल जोडला. दीड महिन्याची ती जुनी नोकरीही लिहिली. एचआरमधल्या बाईंनी त्याला फोन करून एवढंच विचारलं, ‘वडिलांचं पूर्ण नाव पुन्हा एकदा सांगता का?’ त्याने सांगितलं, आणि पुढच्या आठवड्यात जॉइनिंगची तारीख आली.