जानेवारीचा अटेम्प्ट सोडला तर काय बिघडेल?

प्रश्न : मी मूळची तासगावची, घरची द्राक्षबाग आहे. पुण्यात नवी पेठेत राहून सीए इंटरमिजिएटचा अभ्यास करते. वय २१, बी.कॉम. यंदाच पूर्ण झालं. पहिला ग्रुप जानेवारी २०२५ मध्ये सुटला. दुसऱ्या ग्रुपला (तीन पेपर, पास व्हायला १५० लागतात) मे महिन्यात १३९ आणि सप्टेंबरमध्ये १४४ गुण मिळाले. सप्टेंबरमध्ये ऑडिटला ६२ आले म्हणून एक्झम्प्शन आहे, म्हणजे तो पेपर पुन्हा द्यायचा नाही. ऑडिटचे एसए, म्हणजे मानकं, वाचताना मजा येते. पण मेपेक्षा जास्त तास बसूनही कॉस्टिंग ४३ वरून ३८ वर घसरलं. त्या उत्तरपत्रिकेची प्रत मागवली, पीडीएफ येऊन पडली आहे, उघडायची हिंमत होत नाही. जानेवारीचा फॉर्म भरलाय. लेक्चर्स टू-एक्सवर, म्हणजे दुप्पट वेगाने, ऐकते तरी सिलॅबस मागेच राहतो. रात्री दोनला झोपून पाचला जाग येते, पाळी पुढेमागे होते, केस गळतात, छातीत धडधडतं. गणपतीत घरी गेले नाही, दिवाळीत दोन दिवस जाऊन आले. वर्ष संपताना वाटतंय की सगळं थांबवावं. नव्या वर्षात काय काय बदलायचं त्याची यादी सोबत पाठवतेय. जानेवारीचा अटेम्प्ट सोडू का? बाबा म्हणतात, फॉर्म भरलाय तर देऊन टाक, अनुभव तरी येईल. की सीएच सोडून देऊ? – स., पुणे

प्रिय स.,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, म्हणजे बाकीचं निवांत वाचशील. जानेवारीचा अटेम्प्ट सोड आणि थोडे दिवस घरी जा. सीए सोडायचं का, हा प्रश्न मात्र आत्ता सोडवायचा नाही. त्याचं का ते पुढे येईलच.

२०२४ पासून सीएच्या पहिल्या दोन टप्प्यांच्या, फाउंडेशन आणि इंटरच्या, परीक्षा वर्षातून तीनदा व्हायला लागल्या आणि २०२५ पासून शेवटची फायनलही. त्याआधी वर्षाला दोनच खेपा होत्या. एक हुकली की सहा महिने वाट बघा. आता एखादी हुकली तर चारच महिने जातात. म्हणजे मुलांना जरा सैल श्वास घेता यावा अशीच ही सोय आहे. पण माझ्याकडे येणारी बहुतेक मुलं तिचा अर्थ उलटा लावून बसलेली असतात : संधी तीन, म्हणजे तिन्ही वेळा बसलंच पाहिजे.

तुझंच २०२५ बघ ना. जानेवारीत पहिला ग्रुप. मार्चमध्ये निकाल, पेढे वाटून होतायत तोवर मेचा फॉर्म. त्याच उन्हाळ्यात टी.वाय.ची परीक्षा. जुलैत निकाल, चार दिवस रडणं, लगेच सप्टेंबर. नोव्हेंबरात निकाल, लगेच जानेवारी. दर खेपेला निकाल आणि पुढची परीक्षा यांच्यात जेमतेम दोन महिने. त्यातला एक आठवडा निकालाच्या धक्क्यात जातो, आणि क्लासच्या टेलिग्राम ग्रुपवर साठ दिवसांचं नवं वेळापत्रक तोवर आलेलं असतं. आपण कुठे चुकलो हे बघायला या सगळ्यात जागाच नाही. मेपेक्षा सप्टेंबरसाठी तू जास्त तास बसलीस हे तूच लिहिलंयस, आणि तरी कॉस्टिंगचे पाच गुण कमी झाले. याला अभ्यास कमी पडला म्हणत नाहीत. डोकं चालत नसताना खुर्चीवर बसून राहिलं की असंच होतं.

आता सोडल्याने नक्की किती नुकसान होतं ते आकड्यांत बघू, कारण भीती बहुतेक वेळा आकडा न मांडल्यामुळेच वाढते.

भरलेली फी जाईल. निकालात गैरहजर अशी नोंद येईल. इतक्याच वेळा बसता येईल अशी अटेम्प्टची मर्यादा सीएला नाही, नोंदणीची मुदत सांभाळली की झालं. ऑडिटचं एक्झम्प्शन पुढच्या तीन परीक्षांपुरतं असतं, तू बसलीस तरी आणि नाही बसलीस तरी. म्हणजे जानेवारी गेली की तुझ्या हातात मे आणि सप्टेंबर २०२६ उरतात. ही खरी किंमत, आणि ती मी लपवणार नाही. म्हणूनच मे पण सोडते म्हणालीस तर माझं उत्तर वेगळं असेल.

उशीर किती होतो? नव्या योजनेत दोन्ही ग्रुप सुटल्याशिवाय आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, सुरू होत नाही, ती दोन वर्षांची, आणि ती संपल्यावर सहा महिन्यांनी फायनल. जानेवारीत सुटलीस असं धर : मार्चमध्ये निकाल, एप्रिल २०२६ ला आर्टिकलशिप, एप्रिल २०२८ ला ती संपणार, पहिली फायनल जानेवारी २०२९. मेमध्ये सुटलीस तर : जुलैत निकाल, ऑगस्टला सुरुवात, ऑगस्ट २०२८ ला शेवट, पहिली फायनल मे २०२९. फरक चार महिन्यांचा. शिवाय आर्टिकलशिपला रुजू होण्याआधी आयसीआयटीएसएस हे प्रशिक्षण पूर्ण लागतं, पंधरा दिवस आयटी आणि पंधरा दिवस ओरिएंटेशन. ते केल्याचं तू कुठे लिहिलेलं नाहीस. नसेल केलं तर एप्रिलचा मुहूर्त तसाही पुढेच गेला असता.

'पण इंटरव्ह्यूत अटेम्प्ट विचारतात.' विचारतात. मोठ्या फर्म आर्टिकल घेताना पहिल्या फटक्यात दोन्ही ग्रुप काढलेल्यांना झुकतं माप देतात, हे खरं आहे. पण तो शिक्का तुझ्या बाबतीत मे महिन्यातच बसलाय, आणखी एका अटेम्प्टने त्यात मोठा फरक पडत नाही. पुण्या-सांगली-कोल्हापुरातल्या मध्यम फर्ममध्ये आर्टिकलला ऑडिट, जीएसटी, रिटर्न सगळ्यातच हात घालायला मिळतो. माझ्या मते शिकायला तीच जागा चांगली. हे मी सांत्वन म्हणून सांगत नाहीये.

आता तुझ्या यादीकडे. पहाटे पाचला उठणं, प्राणायाम, धावणं, साखर बंद, चहा बंद, इन्स्टाग्राम डिलीट, रोज डायरी, महिन्याला दोन इंग्रजी पुस्तकं, कथक पुन्हा सुरू, आजीला रोज फोन, आणि शेवटी 'कुणाशी तुलना करायची नाही'. अगं, ही यादीसुद्धा टू-एक्सवरच चाललीय! अभ्यासाचं वेळापत्रक उतरवून ठेवलं आणि त्याच खुंटीवर हे दुसरं टांगलं. जानेवारीच्या दहा तारखेपर्यंत यातल्या सात गोष्टी सुटतील, आणि तू नापासाच्या खात्यात आणखी सात नोंदी करशील.

दोनला झोपणाऱ्या मुलीने पाचला उठायचा संकल्प करायचा नाही. आधी झोप. अकराला दिवा बंद, फोन खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात चार्जिंगला, जाग आली तरी सहाच्या आधी पुस्तक नाही. बाकीच्या दहांतल्या दोनच ठेव : कथक आणि आजी. कथक यासाठी की 'प्रवेशिका पूर्ण' परीक्षेपर्यंत तू ते आवडीने केलंस आणि दहावीत अभ्यासासाठी बंद केलंस, असं यादीत कंसात लिहिलंयस. अकरा ओळींत तेवढ्या एकाच ओळीला तुला कारण द्यावंसं वाटलं. आठवड्यातून दोन दिवस क्लासला जा. पुढच्या मध्यमा परीक्षेचा फॉर्म मात्र भरायचा नाही! साखर, चहा, इंग्रजी पुस्तकं यांचं पुढच्या वर्षी बघू. आणि तुलना यादीत लिहून थांबत नसते. तो टेलिग्राम ग्रुप एप्रिलपर्यंत म्यूट केलास तरी निम्मं काम होईल.

पाळी आणि केस गळण्याबद्दल तू एका वाक्यात उरकलंस. ते उरकू नकोस. घरी गेल्यावर डॉक्टरांना दाखव. हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-१२ आणि डी यांच्या तपासण्या करायच्या का, ते त्यांना विचार. मेसचं जेवण आणि तीन तासांची झोप यांवर वर्ष काढलेल्या मुलींमध्ये यातलं काही ना काही कमी निघणं अगदी सर्रास आहे. छातीतली धडधडही त्यांना सांग. आणि 'सगळं थांबवावं' असं तू लिहिलंस त्यात जगणंच नको असा विचार कधी डोकावत असेल, तर आईला किंवा मैत्रिणीला लगेच सांग आणि १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर फोन कर. सरकारी सेवा आहे, मोफत, दिवसरात्र चालते, मराठीत बोलता येतं.

घरी किती दिवस राहायचं? जानेवारीपुरतं. कायमचं पुणं सोडून ये असं मी सांगणार नाही. घरी पहिले आठ दिवस लाड होतात, नवव्या दिवशी कुणीतरी चहाला आलेलं विचारतं, 'काय, झाली का सीए?' त्यातून फेब्रुवारीपासून द्राक्षांचा हंगाम भरात येतो, घर रिकामं नसतं आणि तूही हात आखडून बसणाऱ्यातली दिसत नाहीस. आयसीआयटीएसएसची बॅच सांगली शाखेत मिळते का बघ. मिळाली तर विश्रांती आणि कोर्स दोन्ही घरूनच होतील. तिथे रोज ठरलेल्या वेळी जायचं, चार माणसांत बसायचं, गुणांची भीती नाही. सध्या तुला असंच काम हवंय.

इथून चार ओळी बाबांना वाचायला दे.

नमस्कार. 'देऊन टाक, अनुभव येईल' हे तुम्ही काळजीपोटी म्हणताय. पण परीक्षेचा अनुभव तिला पुरेसा आहे, यंदा तीन वेळा आलाय. आता चौथ्यांदा तशीच बसली आणि कॉस्टिंग चाळिशीच्या आत राहिलं, तर मेला तिला टेबलाशी बसवणं तुम्हालाही जड जाईल. माल उतरला की दुसऱ्या दिवशी तुम्ही खरड छाटणी घेत नाही. बागेला विश्रांती देता, खत-पाणी देता, मग कात्री लावता. तेवढाच वेळ मी मागतेय. आणि एक विनंती, जानेवारीत 'अभ्यास कुठवर आला' हे विचारू नका. जेवलीस का, हे विचारा.

स., आता ती पीडीएफ. ती जानेवारीतच उघडायची, पण एकटीने नाही. कॉस्टिंग सुटलेली एखादी सीनियर किंवा क्लासचे सर, कुणीतरी शेजारी बसव. एकूण गुणांकडे बघू नकोस, पानं बघ. तीन गोष्टी शोध : कुठला प्रश्न कोराच राहिलाय, कुठे उत्तर चुकलंय पण वर्किंग नोट्सना गुण मिळालेत, आणि कुठे गणित येत असूनही आकडा उतरवतानाच चुकलाय. तिसरी गोष्ट जास्त निघाली तर समज, तो झोपेचा हिशेब आहे, अभ्यासाचा नाही. ७० गुणांच्या लेखी भागात नक्की किती गेले आणि ३० गुणांच्या बहुपर्यायी प्रश्नांत किती, तेही मांड. पेपर 'अवघड गेला' हे आपण घरी येऊन म्हणतो, प्रत्यक्षात बहुतेकांचा एखादा मोठा प्रश्न वेळेअभावी राहिलेला असतो.

मग मेचं गणित. ग्रुपला १५० लागतात. ऑडिटचे ६२ धरले जातात. उरले ८८, दोन पेपर मिळून, प्रत्येकात किमान ४०. म्हणजे ४४ आणि ४४. सप्टेंबरमध्ये, त्या अवस्थेतसुद्धा, एफएम-एसएमला (फायनान्शियल आणि स्ट्रॅटेजिक मॅनेजमेंट) तुला ४४ होतेच. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिही. तुला डोंगर चढायचा नाहीये, कॉस्टिंगचे सहा गुण वर आणायचेत आणि दुसऱ्या पेपरला जिथे आहेस तिथून घसरायचं नाही. अर्थात काठावर नेम धरून बसू नये, साठीचा धर, चाळीसचा नको. एफएम ५० आणि एसएम ५० अशी तुझी विभागणी काय होती ते बघ. एसएम थिअरी आहे आणि गणितात बुडालेली मुलं ते शेवटच्या दीड दिवसावर ढकलतात. तू रोज अर्धा तास दिलास तरी तिथे उचल मिळेल.

फेब्रुवारी लागला की पुण्यात परत ये. नवी लेक्चर्स नकोत, मॅरेथॉन रिव्हिजनचे व्हिडिओ तर नकोतच. आयसीएआय या सीएच्या संस्थेचं स्टडी मटेरियल, आरटीपी (रिव्हिजन टेस्ट पेपर), एमटीपी (मॉक टेस्ट पेपर), एवढंच. लागलंच लेक्चर तर १.२५ च्या वर वेग न्यायचा नाही. कॉस्टिंगला तर व्हिडिओ थांबव, प्रोसेस अकाउंट स्वतः आख, आकडे भर, मग पुढे जा. टू-एक्सवर सरांचं गणित सुटतं, आपलं नाही. आणि दर आठवड्याला एक पेपर घड्याळ लावून, तीन तास, मधे न उठता. विषय दोनच असल्यामुळे दिवसाला सहा-सात तास पुरेत, आणि टॅक्ससारख्या दर खेपेला बदलणाऱ्या दुरुस्त्यांची कटकट या दोन पेपरांना नाही. चार महिन्यांनी तुझ्या नोट्स शिळ्या होत नाहीत.

राहिला सीए सोडण्याचा प्रश्न. हा विषयच आवडत नाही असं तुझ्या पत्रात एकदाही आलेलं नाही. उलट ऑडिटचे एसए वाचताना मजा येते असं तू लिहिलंस, आणि ६२ गुणही तिथेच आले. विषय नकोसा झालेली मुलं असं लिहीत नाहीत, ती क्लासच्या सरांबद्दल आणि मेसबद्दल लिहितात. जुलैत मेचा निकाल लागेल. काही लागो, त्यानंतर पंधरा दिवसांनी, झोप नीट होत असताना, आपण यावर बोलू. तेव्हाही नकोच वाटलं तर बी.कॉम. हातात आहे, एम.कॉम., सीएमए, बँकेच्या परीक्षा, सगळे रस्ते उघडे आहेत, आणि पहिल्या ग्रुपचा अभ्यास त्यातल्या बहुतेक ठिकाणी कामाला येतो.

मेचे फॉर्म साधारण मार्चच्या आसपास सुरू होतात. तारीख संस्थेच्या पोर्टलवरच बघ, ग्रुपवरच्या फॉरवर्डवर विसंबू नकोस. भरताना दुसरा ग्रुप निवडल्यावर ऑडिटचं एक्झम्प्शन तिथे दिसतंय ना, ते तपासून मगच फी भर.